वाचकांचे प्रश्न : सिल्व्हानसने झाड का जाळले?

मागील अंकात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळातील सिल्व्हानस विंडरनर हिच्याविषयी एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिले होते की, लेखकांनी तिच्या स्वभावात घडवून आणलेला बदल चाहत्यांच्या गळी उतरला नाही. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे पाहून या महिन्याचे सदर याच विषयाला द्यायचे ठरवले. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आधी सांगतो. ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीचा हा खेळ 23 नोव्हेंबर 2004 रोजी सुरू झाला आणि आजही चालू आहे. अझेरॉथ नावाच्या कल्पित जगात अलायन्स आणि होर्ड असे दोन पक्ष आहेत. खेळाडू त्यांपैकी एका पक्षात आपले पात्र तयार करतो आणि साधारण दर दोन वर्षांनी येणाऱ्या एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे खेळाच्या नव्या भागात, कथा पुढे सरकते. सिल्व्हानस त्याही आधीची, 2002 सालच्या ‘वॉरक्राफ्ट 3’पासूनची. सिल्व्हरमून या एल्फ नगरीची ती सेनानी होती. नगरी राखताना आर्थस या राजपुत्राने तिला मारले आणि मेल्यावरही सोडले नाही. तिचा आत्मा ओढून काढून त्याने तिला आपली दासी केले. पुढे ती त्याच्या ताब्यातून सुटली, आपल्यासारख्याच मेलेल्या पण जागत्या लोकांना तिने गोळा केले, त्यांना फोरसेकन, म्हणजे टाकून दिलेले, असे नाव दिले आणि त्यांची राणी झाली. 2016 साली ती साऱ्या होर्डची वॉरचीफ, म्हणजे सर्वोच्च नेता, झाली आणि 2018 साली तिने टेल्ड्रासिल हे झाड जाळले. आलेली बहुतेक पत्रे या जळिताविषयीच आहेत.

प्रश्न : 2018 साली माझी मुलगी बारावीत होती. एका रात्री ती संगणकासमोर बसून हुंदके देऊन रडत होती. विचारले तर ‘आई, झाड जाळलं’ एवढेच म्हणाली. अभ्यासाचा ताण असेल असे समजून मी विषय सोडून दिला. आता ती नोकरी करते, पण त्या खेळाचा विषय निघाला की तिचा चेहरा अजूनही बदलतो. एका चित्रातल्या झाडासाठी इतके दुःख होऊ शकते का?
— एक आई, सांगली

उत्तर : होऊ शकते, आणि ते का झाले असेल हे मी आपल्याला सांगू शकेन असे वाटते.

आपली मुलगी अलायन्स पक्षातल्या नाइट एल्फ या जमातीचे पात्र घेऊन खेळत असणार. टेल्ड्रासिल म्हणजे समुद्रातून ढगांपर्यंत गेलेले एक अवाढव्य झाड. त्याच्या माथ्यावर जंगले, तळी आणि डार्नासस नावाचे शहर होते. खेळ सुरू झाला त्या दिवसापासून जवळजवळ प्रत्येक नाइट एल्फ पात्राचा जन्म याच झाडावर होत आला. ज्या वाटेवर खेळाडू पहिल्यांदा चालायला शिकतो, ज्या कोळ्यांना आणि रानडुकरांना घाबरत पहिले काही दिवस काढतो, ज्या देवळाच्या पायरीवर मैत्रिणींची वाट पाहत बसतो, ते सगळे त्या झाडावर होते. मुलीच्या दृष्टीने ते तिचे आजोळ होते म्हणा ना.

जळिताच्या प्रसंगी लेखकांनी अलायन्सच्या खेळाडूंना एक कामगिरी दिली होती. शहर पेटले आहे, धुराने दिसेनासे झाले आहे आणि आत अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढायचे आहे. पडद्याच्या कडेला आकडा लिहिलेला असे : 982 नागरिकांपैकी इतके वाचवले. वेळ होती तीन मिनिटांची. धावत जाऊन एकेकाला हात लावला की तो मंत्राने सुरक्षित जागी पोचायचा आणि आकडा एकाने वाढायचा. कितीही चपळ खेळाडू असला तरी 982 हा आकडा गाठणे शक्यच नव्हते, आणि ते मुद्दामच तसे ठेवले होते. तीन मिनिटे संपली की खेळाडू धुराने कोसळायचा आणि उरलेले सगळे आतच राहायचे. सतरा वर्षांच्या मुलीने ती तीन मिनिटे जीव तोडून धावण्यात घालवली असतील, आणि शेवटी आपण वाचवलेल्यांचा आकडा आणि 982 हा आकडा शेजारीशेजारी पाहिला असेल. पुस्तकात माणसे मेल्याचे वाचणे आणि आपला हात पोचला नाही म्हणून ती मेल्याचे पाहणे यांत फार फरक आहे. तिला त्या रात्री तिने किती जण वाचवले होते, ते एकदा विचारून पाहा. माझी खात्री आहे की तिला आकडा आठवत असेल.

प्रश्न : मी 2009 पासून होर्डकडून खेळतो. आपला सर्व्हर युरोपातला असल्यामुळे त्यांच्या रात्री आठच्या रेडसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या मोहिमेसाठी, हिवाळ्यात आम्ही साडेबारापर्यंत जागत बसतो, इतका हा खेळ जवळचा आहे. टेल्ड्रासिलवरच्या स्वारीत मी होतो. आम्हांला सांगितले होते की झाड जिंकून ताब्यात घ्यायचे आहे. प्रत्यक्षात सिल्व्हानसने ते जाळायला लावले. तेव्हापासून अलायन्सचे मित्र आम्हांला खुनी म्हणतात. मी काय चुकलो?
— एक खेळाडू, पुणे

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला माझाच तो आठवडा आठवला, कारण मीही होर्डकडूनच खेळतो.

घटनाक्रम वाचकांसाठी सांगतो. ‘बॅटल फॉर अझेरॉथ’ हा एक्स्पान्शन 14 ऑगस्ट 2018 रोजी आला. त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत या युद्धाची नांदी खेळात टप्प्याटप्प्याने सोडण्यात आली. होर्डची फौज झाडासमोरच्या डार्कशोरच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. योजना अशी होती की टेल्ड्रासिल ओलीस धरायचे, नाइट एल्फांचा नेता मॅल्फ्युरियन याला मारायचे आणि त्यातून अलायन्समध्ये फूट पाडायची. युद्धाच्या हिशेबात बसणारी ती योजना होती आणि आम्ही तिच्यासाठी लढलो. सेनापती सॉरफँगने मॅल्फ्युरियनला पाठीमागून कुऱ्हाड मारली, पण शेवटचा घाव त्याच्याने घालवेना, आणि मॅल्फ्युरियन वाचला. मग किनाऱ्यावर मरणाच्या दारात पडलेल्या डेलारिन नावाच्या एका नाइट एल्फ सैनिकेशी सिल्व्हानस बोलू लागली. आशा मारता येत नाही, असे ती मरणारी बाई म्हणाली. सिल्व्हानसने तिचे तोंड झाडाकडे वळवले आणि ते पेटवायचा हुकूम दिला.

तुमचा प्रश्न तुमच्या चुकीविषयी आहे आणि माझ्या मते चूक तुमची नव्हती. कादंबरीतल्या राणीने गाव जाळले तर वाचक पुस्तक मिटून बाजूला ठेवू शकतो. इथे राणीच्या फौजेत वाचक स्वतः उभा होता, आधीचे चार पूल त्यानेच जिंकून दिले होते, आणि हुकूम निघाला तेव्हा नाही म्हणण्याचे बटण त्याला कोणी दिले नाही. लेखकांना खेळाडूच्या मनात अपराधाची बोच निर्माण करायची असेल, तर आधी त्याला निवड करू द्यायला हवी होती, मग ती किती का अवघड असेना. निवड न देता दोष पदरात टाकला की माणसाला बोच लागत नाही, चीड येते. होर्डच्या खेळाडूंची प्रतिक्रिया चिडीची होती. ‘आमच्या राणीला खलनायिका केले’ ही तक्रार त्यात होतीच, पण त्याहून मोठी तक्रार अशी होती की आम्हांला न विचारता आमच्या हातात मशाल दिली.

पुढे त्याच एक्स्पान्शनमध्ये होर्डच्या खेळाडूला सिल्व्हानसशी एकनिष्ठ राहायचे की तिच्याविरुद्ध उठलेल्या सॉरफँगला साथ द्यायची, अशी निवड देण्यात आली. अनेकांनी निष्ठा निवडली, कारण त्यांना वाटत होते की तिच्या मनात काही मोठा हेतू असणार आणि तो कळेपर्यंत तिला सोडणे बरे नव्हे. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ऑर्ग्रिमारच्या वेशीवर सॉरफँगशी द्वंद्व करताना संतापाच्या भरात तिने साऱ्या होर्डसमोर होर्ड म्हणजे काहीच नाही असे सांगितले, सॉरफँगला मारले आणि ती उडून निघून गेली. निष्ठावंतांच्या निष्ठेला पुढच्या कथेत फारसे स्थान उरले नाही. ज्यांनी तिच्यासाठी मित्रांचे बोल खाल्ले, त्यांची निराशा मला सगळ्यांत जास्त रास्त वाटते.

प्रश्न : मी निवृत्त मराठीची शिक्षिका आहे. नातवामुळे आपले सदर वाचते. पात्राचा विकास म्हणजे चांगल्याचे अधिक चांगले होणे, असे थोडेच आहे? चांगले पात्र वाईट झाले तर तोही विकासच म्हणावा लागेल. मग चाहत्यांची तक्रार म्हणजे लाडके पात्र बिघडल्याचा रुसवा तर नव्हे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला प्रश्न या साऱ्या वादाच्या मुळाशी जातो, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

पात्र वाईट झाले म्हणून कोणी चिडले असते, तर तो रुसवा ठरला असता. पण सिल्व्हानस कधीच सोज्ज्वळ नव्हती. तिच्या फोरसेकनांनी विषारी रसायने बनवली, मेलेल्या शत्रूंना उठवून आपल्यात सामील केले. 2010 च्या ‘कॅटॅक्लिझम’ या एक्स्पान्शनमध्ये तेव्हाचा वॉरचीफ गॅरॉश तिला तोंडावर विचारतो की, तुझ्यात आणि त्या लिच किंगमध्ये, म्हणजे तुला दासी करणाऱ्या आर्थसमध्ये, आता फरक काय उरला. चाहत्यांनी हे सगळे पाहिले होते आणि तरी तिच्यावर जीव लावला होता. क्रूर पात्रावर प्रेम करण्याची त्यांची तयारी होती.

आपण महाभारतातल्या सौप्तिकपर्वाचा विचार करा. अश्वत्थाम्याने झोपलेल्या माणसांना मारले, याहून हीन कृत्य त्या ग्रंथात शोधावे लागेल. तरीही वाचताना ते आपल्याला खोटे वाटत नाही. का? बाप कपटाने मारला गेलेला आहे, दुर्योधन मांड्या फुटून पडलेला आहे, आणि रात्री वडाखाली कृप आणि कृतवर्मा झोपले असताना याचा डोळा लागत नाही. तेवढ्यात एक घुबड येते आणि झाडावर झोपलेल्या कावळ्यांना ठार करते. अश्वत्थामा ते पाहतो आणि त्याच्या मनात विचार येतो. मग तो कृपाला उठवतो, कृप त्याला परोपरीने समजावतो, याला ते पटत नाही. जाग, दृश्य, विचार, वाद आणि मग कृत्य, अशी एकेक पायरी आपल्या डोळ्यांसमोर चढली जाते. कृत्याचा तिटकारा येतो आणि माणूस मात्र कळतो.

सिल्व्हानसच्या बाबतीत हे घुबड दाखवलेलेच नाही. झाड ताब्यात घेण्याच्या योजनेपासून झाड जाळण्याच्या हुकमापर्यंत जो प्रवास तिच्या मनात झाला, तो आम्हांला पडद्यावर काही क्षणांच्या संभाषणात मिळाला. तिचे आणखी काही विचार त्याच सुमारास निघालेल्या एका लघुकादंबरीत होते, म्हणजे खेळ खेळणाऱ्याने ते बाहेर जाऊन वाचायचे होते. आणि तिचा खरा हेतू, मृत्यूच्या पलीकडच्या जगातल्या जेलर नावाच्या सत्तेशी तिने केलेला करार, हा लेखकांनी झाकून ठेवला तो पुढच्या ‘शॅडोलँड्स’ एक्स्पान्शनसाठी. तो आला 23 नोव्हेंबर 2020 ला. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ आम्ही एका पात्राची कृत्ये पाहत होतो आणि त्यांचे कारण कुलूपबंद होते. कारण कुलूपबंद असताना पात्र बदलते आहे की केवळ आपल्याला चकवते आहे, हे कळण्याचा मार्गच राहत नाही. थांबा, पुढे कळेल, असे सांगत राहणे एखाद्या रहस्यकथेला शोभते. पण पंधरा वर्षे ओळखीच्या पात्राविषयी असे सांगितले, की वाचकाला आपल्या ओळखीचाच संशय येऊ लागतो.

याच कथेत सॉरफँगचे जे झाले ते शेजारी ठेवून पाहिले, तर माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. 2008 सालच्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’मध्ये, बर्फाळ किनाऱ्यावरच्या वॉरसाँग होल्ड या किल्ल्यात तो तरुण गॅरॉशशी बोलत उभा असे. तिथे थांबून कान दिला तर एक संभाषण ऐकू यायचे. म्हातारा योद्धा सांगतो की तो डुकराचे मांस खात नाही. कत्तलीच्या वेळी डुकरे जो आवाज करतात तो त्याला सोसवत नाही, कारण तरुणपणी राक्षसी रक्ताच्या नशेत त्याच्या लोकांनी ड्रेनेई जमातीची कत्तल केली तेव्हा त्यांच्या मुलांचा आवाज तसाच होता. आणि होर्डला त्या अंधाऱ्या वाटेवर पुन्हा नेशील तर मीच तुला मारीन, असे तो गॅरॉशला बजावतो. कित्येक खेळाडू तिथून धावत पुढे गेले असतील. ज्यांनी ऐकले ते विसरले नाहीत. त्याच लढायांत त्याचा मुलगा गेला. दहा वर्षांनी टेल्ड्रासिल जळताना त्याच सॉरफँगच्या कानांवर पुन्हा तसेच आवाज पडले. त्यानंतर काही दिवसांतच आलेल्या सिनेमॅटिकमध्ये, म्हणजे खेळाच्या छोट्या चित्रफितीत, तो रात्री तटावर एकटा, मरायला निघालेला दिसतो आणि झेखान नावाचा एक पोरगेला ट्रोल त्याला अडवतो. त्या दृश्यावर चाहत्यांनी किती प्रेम केले! त्या पोराचे नाव कळण्याआधीच त्यांनी त्याला झॅपीबॉय म्हणायला सुरुवात केली होती. सॉरफँगने शत्रूला साथ दिली, वॉरचीफविरुद्ध बंड केले, म्हणजे बदल त्याच्यातही मोठाच झाला. तरी त्याच्याविषयी ‘हे त्याच्या स्वभावात बसत नाही’ असे मला फार थोड्यांकडून ऐकायला मिळाले, कारण त्याचे घुबड 2008 मध्येच दाखवून झाले होते.

तेव्हा बाई, चाहते रुसले होते असे मला वाटत नाही. त्यांनी लेखकाकडे मधल्या पायऱ्या मागितल्या, आणि वर्गात आपण विद्यार्थ्यांकडून गणिताच्या मधल्या पायऱ्या मागतो तितकी ती मागणी साधी आहे.

प्रश्न : गॅरॉशचे नेमके असेच झाले होते ना? मग लोक दुसऱ्यांदा इतके का चिडले?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुसऱ्यांदा झाले म्हणूनच. ‘कॅटॅक्लिझम’मध्ये स्टोनटॅलनच्या डोंगरात निरपराधांवर बॉम्ब टाकणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्याला गॅरॉश कड्यावरून फेकून देतो आणि त्यात शौर्य नाही असे सुनावतो. पुढच्याच एक्स्पान्शनच्या तोंडावर, 2012 साली, तोच गॅरॉश अलायन्सच्या थेरामोर शहरावर मानाबॉम्ब, म्हणजे जादूच्या शक्तीचा बॉम्ब, टाकतो. 2013 मध्ये त्याच्याच राजधानीत शिरून दोन्ही पक्षांच्या खेळाडूंना त्याला पाडावे लागले. होर्डचा वॉरचीफ माथेफिरू होतो, शहर नष्ट करतो आणि होर्डचेच लोक त्याच्याविरुद्ध उठतात, हे आम्ही पाच वर्षांपूर्वी जगून झालो होतो. एका पक्षाच्या खेळाडूंना दोनदा तीच शरम वाटून घ्यायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते आणि नाइट एल्फ खेळते. ‘शॅडोलँड्स’च्या शेवटी सिल्व्हानसचा आत्मा दुभंगलेला होता असे सांगून तिला सोडून दिले, असे मला वाटले. तुम्हांला तो शेवट न्याय्य वाटतो का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : तिला सोडून दिले असे मी म्हणणार नाही, पण तुमचा राग मला समजतो.

घडले ते असे. 2021 च्या जून महिन्यात आलेल्या ‘चेन्स ऑफ डॉमिनेशन’ या पॅचमध्ये, म्हणजे एक्स्पान्शनच्या मधल्या भरीत, खेळाडूंनी तिच्याशी लढून तिला हरवले. त्याच्या शेवटी जेलरच्या गुलामीत आपण पुन्हा अडकत आहोत हे तिला उमगले, तिने त्याच्यावर बाण सोडला, आणि त्याने तिच्या आत्म्याचा एक तुकडा तिला परत दिला. आर्थसने फ्रॉस्टमोर्न तलवारीने मारले तेव्हा तिचा आत्मा दुभंगला होता, आणि सिल्व्हरमूनची ती जुनी सेनानी त्या हरवलेल्या तुकड्यात होती, असा खुलासा झाला. 2022 च्या फेब्रुवारीत ‘इटर्निटीज एंड’ आला. त्यात तिचा निवाडा नाइट एल्फांची नेती टिरँडे हिच्या हाती देण्यात आला. टिरँडेने तिला मारले नाही. मॉ नावाच्या नरकात उतरून तिथे अडकलेला प्रत्येक आत्मा शोधून बाहेर काढायचा, शेवटचा आत्मा सुटेपर्यंत परत यायचे नाही, अशी शिक्षा तिने दिली.

शिक्षा मला फार योग्य वाटते. जे झाडावरून मेले त्यांचे आत्मे तिच्या करारामुळेच त्या नरकात गेले होते, आणि आता एकेकाला हात धरून बाहेर आणायचे काम तिला दिले आहे. 982 च्या आकड्याशी तीन मिनिटे झुंजलेल्या तुमच्यासारख्यांना त्यातला अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्याकडेही अश्वत्थाम्याला मरण दिलेले नाही, भटकणे दिले आहे. सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत आजही त्याच्या नावाने यात्रा भरते आणि कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत तो फिरतो असे लोक सांगतात.

मला न पटलेली गोष्ट आहे ती दुभंगलेल्या आत्म्याची. 2007 मधला एक प्रसंग आठवा. घोस्टलँड्समध्ये विंडरनरांच्या पडक्या वाड्याजवळ प्रेतसैनिकांशी लढताना खेळाडूच्या हाती एक गळ्यातले लागायचे. ते सिल्व्हानसला तिची बहीण अॅलेरिया हिने प्रेमाने दिलेले होते. खेळाडू ते घेऊन दूर अंडरसिटीत राणीपुढे जायचा. ती ते पाहते, मला त्या दिवसांची ओढ आहे असे वाटले काय तुला, असे संतापून विचारते आणि ते जमिनीवर भिरकावते. खेळाडूला जायला सांगते. आणि मग, त्याने थोडे रेंगाळून पाहिले तर, तिच्याभोवती तिच्या मेलेल्या लोकांच्या छाया उभ्या राहतात आणि ती विलापगीत गाते. माझ्याबरोबर तेव्हा खेळणारे दोन मित्र काही न बोलता ते संपेपर्यंत उभे होते. तिच्यातली जुनी सेनानी त्या वेळी हरवलेली नव्हती. ती तिथेच होती आणि राणी तिला दडपून टाकत होती. दुःख आणि क्रौर्य एकाच काळजात होते म्हणून ती आम्हांला भावली. लेखकांनी 2021 मध्ये सांगितले की ते काळीज दोन तुकड्यांत होते, चांगले इकडे आणि वाईट तिकडे. त्यामुळे ते गळ्यातले भिरकावणारी आणि मग गाणारी बाई कोण होती, याचा उलगडा होत नाही. नवा खुलासा जुन्या उत्तम प्रसंगाला फिका पाडत असेल तर तो खुलासा चुकला, असे मी धरतो. तुम्हांला तिला माफी मिळाल्याचा राग आहे. मला तिची जबाबदारी वाटून टाकल्याचे वाईट वाटते. बहुधा आपण दोघेही एकाच ठिकाणी दुखावले गेलो आहोत.

प्रश्न : चाहत्यांच्या रागामुळे लेखकांनी कथा बदलावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : घटना बदलू नयेत. सांगण्याची रीत मात्र तपासावी, आणि ती तपासली गेली असे मला अलीकडच्या कथेवरून वाटते. होर्डला आता एकच वॉरचीफ नाही, निरनिराळ्या जमातींच्या नेत्यांचे मंडळ आहे, त्यामुळे तिसरा गॅरॉश उभा राहण्याची वाट बुजली. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये नाइट एल्फांना अमिरड्रासिल हे नवे झाड मिळाले. आणि अँडुइनचे पाहा. जेलरने या तरुण राजाला ताब्यात घेऊन त्याच्या हातून नको ती कामे करवली होती. सुटका झाल्यावर तो लगेच सिंहासनावर परतला नाही, कित्येक वर्षे बेपत्ता राहिला. ऑगस्ट 2024 च्या ‘द वॉर विदिन’मध्ये तो भेटतो तेव्हा त्याचे हात थरथरतात आणि ज्या दैवी प्रकाशावर त्याची श्रद्धा होती तो त्याच्या हाकेला ओ देत नाही. तो प्रकाश त्याला हळूहळू, एका नव्या मैत्रिणीच्या सोबतीने, अडखळत परत मिळतो. त्याच्या मनातले आम्हांला वेळच्या वेळी दिसत राहिले. 2018 मध्ये आम्ही जे मागत होतो ते हेच होते.

प्रश्न : सदर वाचून मी नुकताच खेळ सुरू केला आहे. जळण्याआधीचे टेल्ड्रासिल आता पाहता येते का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : येते, आणि अवश्य पाहा. चालू खेळात डार्कशोरला जा आणि झिडोर्मी नावाची एक बाई शोधा. काळात मागे-पुढे नेण्याचे काम तिच्याकडे आहे. युद्धाआधीचा डार्कशोर दाखव असे तिला सांगितले की समुद्रापलीकडे झाड पुन्हा हिरवे उभे दिसते. दुसरा मार्ग 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लासिक’ आवृत्तीचा. तिथे झाड कधी जळलेलेच नाही. नाइट एल्फ पात्र तयार करा, म्हणजे शॅडोग्लेनमध्ये जागे व्हाल. घाईने पातळ्या चढू नका. पायी चालत डार्नाससला पोचा, चंद्रदेवीच्या मंदिरात थोडे थांबा आणि मग जांभळ्या दारातून खाली रुथेरन गावात उतरा. तिथल्या धक्क्यावर उभे राहून वर पाहिले तर झाडाचा माथा दिसत नाही, इतके ते उंच आहे. ऑबरडाइनला जाणारी होडी तिथेच लागते. पहिली आली तर जाऊ द्या, दुसरी येतेच.